सुटता सांधा

लॅपटॉपच्या कडेला जेथून वीज आत शिरते तेथे एक लहानसे भोक असते, आणि त्या भोकाच्या मध्यभागी टाचणीएवढी एक सुई उभी असते. रोज दोन-चार वेळा आपण तीवर अडॉप्टरची पिन चढवतो आणि उतरवतो, कधी पिन तशीच ठेवून यंत्र मांडीवर घेतो, कधी वायरीत कोणाचा पाय अडकतो. आणि वर्षा-दोन वर्षांनी एके दिवशी असे होते की पिन एका विशिष्ट कोनात तिरपी धरली तरच दिवा लागतो आणि हात सोडताच विझतो. माझ्या यंत्राची अशी अवस्था झाली तेव्हा कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून उत्तर मिळाले की सबंध मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि त्याचा जो खर्च त्यांनी कागदावर मांडून दिला तो नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. तो कागद खिशात घालून मी घरी आलो, यंत्राचे स्क्रू काढले, बॅटरी सोडवली आणि भिंग लावून पाहिले. जॅकचे पाय बोर्डावर जेथे डाखलेले होते, त्यांपैकी एका पायाभोवती केसाएवढी, काळसर, वर्तुळाकार भेग पडलेली होती. सारा बिघाड एवढाच होता.

दुरुस्तीच्या दुकानांतून या व्याधीला एक ठरलेला शब्द आहे: ड्राय. ‘ड्राय झालंय, शोल्डर मारून देतो’ हे वाक्य, ज्याने म्हणून रेडिओ किंवा टीव्ही दुरुस्तीला टाकला आहे, त्याने कधी ना कधी ऐकलेले असते. ‘शोल्डर’ हा उच्चार ‘सोल्डर’ या मूळ शब्दाला धरून नसला तरी या हुन्नरात तो इतका रुळला आहे की तो बदलण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र त्याच्या पाठीशी आपला एक जुना, घरचा शब्द उभा आहे, आणि तो म्हणजे डाख. दोन धातूंच्या तुकड्यांना, त्यांच्याहून पुष्कळ आधी वितळणाऱ्या तिसऱ्या धातूने जोडणे, याचे नाव डाखकाम. लोहार लोखंडाचे दोन तुकडे लाल-पांढरे तापवून घणाखाली एकजीव करतो. तो सांधा तोडता येतो, पण सोडवता येत नाही. डाखाचा सांधा पुन्हा तापवला की विनातक्रार सुटतो, आणि सुटलेले दोन्ही तुकडे जसेच्या तसे हाती येतात. दुरुस्ती नावाचा जो व्यवसाय गेल्या शंभर वर्षांत आपल्या शहरांतून वाढला, त्याचा पाया माझ्या मते धातूच्या या सुटण्याच्या गुणावर घातलेला आहे, जोडण्याच्या गुणावर तितकासा नाही.

हा गुण मुळात दोन धातूंच्या संगतीतून येतो. आपल्या रसशास्त्राने शिशाला ‘नाग’ व कथिलाला ‘वंग’ म्हटले आणि दोघांना मिळून ‘पूतिलोह’ या वर्गात बसवले, कारण वितळताना त्यांना दुर्गंधी येते असे त्या आचार्यांचे निरीक्षण होते. सोने-रुप्याच्या शुद्ध लोहांपुढे त्यांना काहीसे खालचे आसन मिळाले. परंतु कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर या दोघांइतके उपकारक धातू थोडेच असतील. एकटे कथील वितळवायचे तर २३२ अंश सेल्सिअस तापमान लागते, एकटे शिसे वितळवायचे तर ३२७. पण शंभर भागांत सुमारे बासष्ट-त्रेसष्ट भाग कथील आणि उरलेले शिसे अशा प्रमाणात दोन्ही एकत्र केले, तर ते मिश्रण १८३ अंशांवरच, म्हणजे दोघांपैकी प्रत्येकाच्या कितीतरी आधी, पाण्यासारखे पातळ होते. तांबे वितळायला १०८५ अंश लागतात. म्हणजे ज्या आचेवर तांब्याला काहीही होत नाही, त्या आचेवर डाख वाहतो, तांब्याच्या पृष्ठभागाशी त्याच्यातील कथिलाचा संयोग होऊन एक अतिसूक्ष्म थर जमतो आणि सांधा धरतो. रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दोन भाग शिसे व एक भाग कथील अशा मिश्रणाने नळ जोडण्याची रीत नोंदवून ठेवली आहे. तेव्हा ही विद्या किती जुनी आहे हे निराळे सांगायला नको. संस्कृतात कथिलाला ‘कस्तीर’ असाही एक शब्द आहे आणि त्याचे नाते ग्रीक ‘कासितेरोस’ या शब्दाशी जोडले जाते, हेही जाता जाता ध्यानात घेण्याजोगे आहे. कारण जो धातू आपल्या भूमीत फार थोडा सापडतो, त्याचे नावही समुद्रावरूनच यायचे.

आमच्या लहानपणी या धातूचे दर्शन कल्हईच्या वेळी होई. वाड्याच्या अंगणात कल्हईवाला एक हातभर खड्डा खणी, त्यात कोळसे पेटवी, खड्ड्याच्या बाजूला पुरलेल्या नळीला भाता जोडी आणि त्याचा मुलगा उकिडवा बसून तो भाता एका लयीत दाबू लागे. आंबट पदार्थांनी हिरवट कळकलेले पातेले आगीवर उपडे-उताणे फिरवून पुरेसे तापले, की तो चिमूटभर नवसागर आत टाकी, आणि दाट पांढऱ्या धुराचा लोट उठून नाकाला झोंबे. त्या धुरातच तो कथिलाची कांडी पातेल्याच्या बुडाला एकदा टेकवी आणि कापसाचा बोळा असा काही सफाईने फिरवी की काळवंडलेले तांबे एका फेऱ्यात चंद्रासारखे पांढरे होई. मग चिमट्याने उचललेले पातेले पाण्याच्या बादलीत चर्रकन बुडे. त्या वेळी आम्हांला हा जादूचा प्रकार वाटे. नवसागर तापून त्यातून निघणारे आम्ल तांब्यावरचा गंज खाऊन टाकते आणि कथिलाला धरण्यासाठी निखळ धातू मोकळा करून देते, हे कारण पुष्कळ वर्षांनी कळले. डाखकामातही हेच मर्म आहे. जो डाख धरत नाही तो बहुधा आचेच्या कमतरतेने धरत नाही, किंवा मळामुळे. आणि ‘ड्राय’ सांध्याची अर्धी कारणे या दोहोंत सापडतात. तारांच्या कामात नवसागर चालत नाही, कारण त्याचा मागे राहिलेला क्षार पुढे सांधाच कुरतडतो; तेथे चीड वृक्षाच्या डिंकातून काढलेली राळ वापरतात. डाखाच्या तारेच्या पोटात ही राळ भरून ठेवलेली असते, आणि दुरुस्तीच्या दुकानात शिरताच जो गोडसर, किंचित देवळातल्या धुपासारखा वास येतो तो तिचाच.

कल्हईसारखी कामे सोडली तर जुन्या व्यवस्थेत दुरुस्ती हा स्वतंत्र धंदा नव्हता, ही गोष्ट आज सहसा लक्षात येत नाही. गावच्या बलुतेपद्धतीत सुताराने नांगर करावा आणि मोडला तर त्यानेच सांधून द्यावा, लोहाराने फाळ घडवावा आणि बोथटला तर त्यानेच शेवटून द्यावा, आणि या सर्वांचा मोबदला खळ्यावरच्या धान्याच्या रूपाने वर्षाकाठी मिळावा, असा शिरस्ता होता. घडवणे व दुरुस्त करणे यांत दप्तरी भेद केला जात नसे. शहरातही तसेच. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही ठोक्यांचा जो नाद कानी पडतो, तो ज्यांच्या हातून उमटतो ते कारागीर हंडा घडवणारेही असतात आणि गळका हंडा सांधून देणारेही. वस्तूचा जो जनक तोच तिचा वैद्य. म्हणून वस्तूच्या पोटात काय आहे हे वैद्यापासून लपवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

पुढे रॉकेलचे चौकोनी डबे आले, कंदील आले, आणि पत्र्याचे काम करणारे कारागीर लोखंडी दांड्याला बसवलेला तांब्याचा ठोकळा निखाऱ्यात तापवून डब्यांना तोट्या व कड्या डाखू लागले. येथे डाखाचे काम एकच होते: पाणी किंवा तेल गळू न देणे. त्याच्याही आधी, १८५० नंतरच्या दशकात, हिंदुस्थानात विद्युत् तारायंत्राचे जाळे पसरले, मुंबई आणि कलकत्ता तारेने जोडली गेली, आणि त्या तारांचे जोड डाखले जाऊ लागले तेव्हा या प्राचीन मिश्रधातूवर एक सर्वस्वी नवी जबाबदारी येऊन पडली. आजवर जो अडवत होता त्याने आता वाहून न्यायचे होते.

पण सामान्य माणसाच्या घरात हा नवा डाख आला तो रेडिओबरोबर. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले, पुढे १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले, आणि हळूहळू मध्यम स्थितीतील घरांतून लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा रेडिओ भिंतीवरच्या फळीवर विराजमान झाला. त्याला सरकारी परवाना लागे, परवान्याची फी दरसाल पोस्टात भरून पुस्तिकेवर शिक्का उमटवून घ्यावा लागे. १९८० नंतरच्या दशकात तो परवाना रद्द होईपर्यंत कित्येक घरांनी त्या पुस्तिका शाळेच्या दाखल्याइतक्या जपून ठेवल्या. या पेटीने एक नवी परिस्थिती निर्माण केली. तिचा घडवणारा हॉलंडात किंवा इंग्लंडात, आणि ती बिघडणार मात्र गिरगावात, शनिवारात, कोल्हापुरात. जनक आणि वैद्य यांची फारकत झाली, आणि त्या मधल्या रिकाम्या जागेत रेडिओ मेकॅनिक हा नवा माणूस येऊन उभा राहिला. तो त्या यंत्राचा निर्माता नव्हता. परंतु झाकण काढले की आतल्या सर्व तारा, सर्व जोड त्याला डोळ्यांनी दिसत, कारण व्हॉल्व्हच्या रेडिओत प्रत्येक घटक दुसऱ्याला हाताने डाखलेला असे, आणि जे हाताने डाखलेले आहे ते हाताने सोडवता येते.

दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराचा शिल्लक माल सरकारी ‘डिस्पोजल’मधून विक्रीस निघाला आणि त्यात बिनतारी यंत्रांचे सुटे भागही होते. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस, १९०३ ते १९०७ या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा जो रस्ता आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना रेडिओच्या सुट्या भागांची दुकाने थाटली गेली. त्या रस्त्याला पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर यांचे नाव दिले गेले, तरी गिऱ्हाइकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच राहिला. पुण्यात हाच बाजार बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत वसला. अशा गल्लीत सकाळी दुकाने उघडत असताना जावे: काचेच्या बरण्यांतून रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, तारेवर लटकवलेल्या वायरी, पायरीवर बसून एखादा मुलगा जुन्या बोर्डावरील भाग सोडवून वेगवेगळ्या डब्यांत टाकतो आहे, आणि आतल्या बाजूला चष्मा कपाळावर सरकवलेला वृद्ध कारागीर हातातील यंत्राकडे पाहत नुसता बसला आहे. तो काहीच करीत नाही असे नवख्याला वाटते. खरे म्हणजे ते त्याचे निदान चाललेले असते.

ट्रान्झिस्टर आले, छापील मंडलाचे बोर्ड आले, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर रेडिओ मेकॅनिकच्या पाटीवर ‘व टीव्ही’ अशी जोड मिळाली. १९५० पासून सुरू झालेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या विद्येचे रीतसर शिक्षणही मिळू लागले होते; तथापि माझ्या पाहण्यातील उत्तम कारागिरांपैकी बहुतेकांनी ती विद्या दुकानातील स्टुलावर बसून, उस्तादाच्या हाताकडे पाहत उचललेली होती. छापील बोर्डाने जोड लहान केले, तारा नाहीशा करून तांब्याच्या पातळ रेघा आणल्या, पण १८३ अंश कायम राहिले. म्हणून आतील यंत्र कितीही पालटले तरी त्या माणसाची हत्यारे पालटली नाहीत, आणि व्हॉल्व्हवर हात बसलेला माणूस रंगीत टीव्हीपर्यंत त्याच कसबावर निभावून गेला.

लॅपटॉपच्या जॅकचा वंश या रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या काळापर्यंत पोहोचतो. बाहेर गोल नळी, आत सुई, नळी ऋण आणि सुई बहुधा धन, अशी ही रचना लहान उपकरणांसाठी रूढ झाली. तिचा सर्वांत परिचित आकार म्हणजे ५.५ मिलिमीटर बाहेरील व्यास आणि २.१ किंवा २.५ मिलिमीटर आतील. चुकीचा अडॉप्टर लावून यंत्र जळू नये म्हणून जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाने विद्युत्दाबानुसार पाच निरनिराळ्या व्यासांचे एक शहाणपणाचे कोष्टकही ठरवले होते, परंतु ते १८ व्होल्टपाशी संपत होते, आणि लॅपटॉप साधारणपणे १९-२० व्होल्ट मागतो. या मुलखात कोणाचाच कायदा नव्हता. ज्या त्या कंपनीने आपापला व्यास काढला, काहींनी तर आतली सुई केवळ अडॉप्टरची ओळख पटवण्यापुरती ठेवली. या जॅकवर दोन भार एकाच वेळी पडतात. पिनेची लांबी तरफेसारखी काम करते आणि हाताचा प्रत्येक हिसका चार-पाच मऊ सांध्यांवर येऊन आदळतो. शिवाय त्याच सांध्यांतून ६५ वॅटच्या अडॉप्टरचा सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह वाहत असतो. भेग पडून तेथे एका ओहमचा जरी अडथळा उत्पन्न झाला, तरी त्या एका बिंदूवर जवळजवळ बारा वॅट उष्णता जमते. लहान सोल्डरिंग आयर्न पंधरा वॅटचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे सैल जॅकभोवतालचा प्लास्टिकचा भाग तपकिरी का पडतो ते उमगते: तुटलेला सांधा स्वतःच स्वतःला भाजत असतो.

माझ्या यंत्राकडे परत येतो. जुना डाख सोडवायला बसलो तेव्हा तो सुटेना. तपकीर गल्लीतील ज्या वयस्क गृहस्थांकडून मी नवा जॅक आणला होता त्यांनी आधीच बजावले होते, ‘हा बिनशिशाचा डाख आहे, नुसता तापवत बसाल तर पट्टी उखडेल.’ युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत् उपकरणांतील शिशावर निर्बंध घातला, आणि जगभरच्या कारखान्यांनी कथील, चांदी व तांबे यांचा नवा डाख स्वीकारला. तो २१७ अंशांच्या आसपास वितळतो. शिसे हे विष आहे, भंगारात निघालेल्या बोर्डांची राख करणाऱ्या वस्त्यांतील मुलांच्या रक्तात ते उतरते, आणि म्हणून तो निर्बंध न्याय्य होता याविषयी माझ्या मनात किंतु नाही. मात्र त्या चौतीस अंशांनी घरगुती दुरुस्ती अवघड केली, हेही तितकेच खरे आहे. त्यात जॅकचा ऋण पाय बोर्डाच्या पोटातील तांब्याच्या रुंद थराला जोडलेला असतो, आणि तो थर आयर्नची सारी आच पिऊन टाकतो.

त्या गृहस्थांनी सांगितलेला उपाय जुनाच होता. प्रत्येक पायावर आधी थोडी राळ लावायची, मग आयर्न टेकवून जुन्या डाखात नवा शिशाचा डाख मुद्दाम मिसळायचा. दोन्ही एकरूप झाले की मिश्रणाचा वितळबिंदू खाली उतरतो आणि मघापासून करडा, रवाळ दिसणारा गोळा एकाएकी आरशासारखा चकाकू लागतो. त्याच क्षणी डाख शोषून घेणाऱ्या सकरचा खटका दाबायचा. पहिल्या दोन पायांना मला पाच-सहा वेळा प्रयत्न करावे लागले, तिसऱ्यापासून हात बसला. शेवटी उरलेला डाख तांब्याच्या विणलेल्या पट्टीने टिपून घेतला आणि जॅक अलगद हातात आला. भोके स्वच्छ पुसली, नवा जॅक बसवला, आधी एक कोपऱ्यातला पाय डाखून तो सरळ आहे याची खात्री केली, मग बाकीचे. चांगल्या सांध्याची कड आतल्या बाजूला वळलेली असते, पाणी काचेला धरते तशी. बाहेर फुगलेला गोळा म्हणजे वरवरचा डाख. मल्टीमीटरने धन-ऋण परस्परांना चिकटलेले नाहीत हे पाहिले, बॅटरी न जोडता अडॉप्टर लावला, एकोणीस व्होल्ट दिसले. हात साबणाने दोनदा धुतले, कारण शिशाचे काम करून तसेच जेवायला बसू नये, ही ताकीदही त्यांचीच होती.

अलीकडे पुष्कळ कंपन्या जॅक बोर्डावर न डाखता आखूड वायरीने जोडतात, म्हणजे तो बिघडला तर चिमटीने उपसून दुसरा लावता येतो. ही सुधारणा लहान दिसली तरी मला ती फार मोलाची वाटते, कारण तिच्यात दुरुस्त करणाराची आठवण ठेवलेली आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ उघडले. तिकडे युरोपीय संघाने लॅपटॉपांसाठी टाइप-सी हे एकच चार्जिंग द्वार ठरवून त्याला २८ एप्रिल २०२६ ही तारीख घातली आहे. गोल जॅकचा अंमल त्यामुळे संपत आला.

या नव्या द्वारात चोवीस संपर्क आहेत, दोन संपर्कांत अर्ध्या मिलिमीटरचे अंतर आहे, आणि ते डाखायला नुसते आयर्न पुरत नाही, गरम हवेचे यंत्र आणि दुर्बिणीसारखे भिंग लागते. तपकीर गल्लीत मी परवा पुन्हा गेलो तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांच्या शेजारच्या स्टुलावर त्यांची नात असे एक यंत्र घेऊन बसली होती. टाइप-सीचे ते इवलेसे द्वार बोर्डावर घट्ट राहावे म्हणून त्याच्या धातूच्या कवचाला पाय ठेवलेले असतात, ते बोर्डाच्या आरपार जातात आणि पलीकडून डाखाने भरलेले असतात. तिने बोर्ड उलटा केला, त्या पायांवर राळ लावली आणि आजोबांच्या डब्यातली शिशाच्या डाखाची तार उचलली.